गरम पेटीचा दिवा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या कामाच्या इमारतीत सगळे काळोखे म्हणतात. हे त्याचं आडनाव नाही. हे नाव ठेवलं झाडूवाल्या मावशींनी, आणि ते इतकं चपखल बसलं की पगार काढणारा कारकूनसुद्धा एकदा चुकून त्याच नावानं हाक मारून बसला. मला वाटलं, आता चिडेल. कसला चिडतोय, खूश झाला. स्वतःविषयी कुणी काहीही बोललं तरी या माणसाला बरंच वाटतं.

तोंडावर मी त्याला काळोखेराव म्हणते, अहो-जाहो करते, कारण घरचा जावई आहे. इथं मात्र 'तो' म्हणणार आहे. तेवढी सवलत मी घेते.

त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काचेची खिडकी, तिच्यात नवराबायकोंचे मोठे मोठे फोटो, आणि मागे लाल दिव्याची अंधारी खोली. हा त्या खोलीत वाढला. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग बारीक ब्रशनं कसे घालवायचे, हे तो शाळेत असतानाच शिकला. लोक फोटो घ्यायला यायचे, बघायचे आणि म्हणायचे, अगदी माझ्यासारखा आलाय. डोंबल त्यांच्यासारखा. आमची धाकटी कसल्याशा अर्जासाठी फोटो काढायला तिथं गेली आणि तो फोटो बघून काढणाऱ्यावर भाळली. आईनं फोटो पाहिला तेव्हा तिनं विचारलं होतं, ही कोण गं? तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओ बसला. हा भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरात बसून होता, तेव्हा मी आमच्याकडे शब्द टाकला. आमच्याकडे म्हणजे डोळ्यांच्या संस्थेत, जिथं मी प्रयोगशाळेत पेशी वाढवते तिथं. त्याबद्दल आजवर मला कुणी 'बरं केलंस' असं म्हटलेलं नाही.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोळ्यात चुना, ॲसिड असलं काही उडालं की बुबुळावरची पातळ कातडी जळते. ती पुन्हा वाढवणाऱ्या पेशी बुबुळाच्या कडेला असतात; त्याच जळाल्या की डोळा पांढरट होतो आणि त्यातून दिसेनासं होतं. मग डॉक्टर चांगल्या डोळ्याच्या कडेचा तांदळाच्या कणीपेक्षा लहान तुकडा काढतात आणि माझ्याकडे देतात. मी तो बशीत एका पातळ पडद्यावर ठेवते, उबेत सांभाळते, गुलाबी पाण्यातून त्याला खाऊ घालते. सुट्टी असो, पाहुणे असोत, ताप असो, खाऊ चुकवायचा नाही. हळूहळू पडद्यावर पेशींचा थर पसरतो. तो थर डॉक्टर जळलेल्या डोळ्यावर बसवतात. बसला तर माणसाला दिसायला लागतं.

बसवण्याआधी एकच प्रश्न असतो. थर चांगला आहे का? पूर्वी पेशी बघायच्या म्हणजे त्यांना रंग लावायला लागायचा. रंग लावला की पेशी छान दिसायच्या, पण रंगवलेला थर माणसाच्या डोळ्यात कसा घालणार? म्हणून आमच्याकडे रामन सूक्ष्मदर्शक आला. यात रंगबिंग काही नाही. पेशींवर एकाच रंगाचा लेसर टाकायचा. जवळजवळ सगळा उजेड जसा गेला तसाच परत येतो. पण त्यातला अगदी नगण्य भाग ज्या रेणूवर आपटला त्याची खूण घेऊन, थोडा रंग बदलून परत येतो. चरबीची खूण वेगळी, प्रथिनाची वेगळी. ठिपक्याठिपक्यानं त्या खुणा गोळा करायच्या की कुठं काय आहे याचा नकाशा तयार होतो, आणि पेशींना कुणी बोटही लावलेलं नसतं. यंत्र खरंच गुणी आहे. माझं भांडण यंत्राशी नाही.

हा परत येणारा उजेड इतका कमी असतो की खोलीत दुसरा कसलाही उजेड चालत नाही. झालं. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या माणसाला पगारी अंधारी खोली मिळाली. त्यानं दाराच्या फटीला काळं कापड लावलं. संगणकाचे, एसीचे, बटणांचे, जेवढे म्हणून बारीक दिवे होते त्या सगळ्यांवर काळी टेप चिकटवली. टेपचं भेंडोळं कायम त्याच्या खिशात. आत जाणाऱ्यानं घड्याळ काढून ठेवायचं, फोन बाहेर ठेवायचा. मावशी एकदा पांढरी साडी नेसून आत झाडायला गेल्या, तर म्हणाला, पांढऱ्या कपड्यानं उजेड उसळतो. मावशी बाहेर आल्या आणि तेव्हापासून तो काळोखे झाला.

हे इमारतीत ठीक आहे. घरीही तेच. धाकटीच्या फ्रिजच्या दिव्यावर टेप, गिझरच्या दिव्यावर टेप. पाणी तापलंय की नाही ते हात भाजल्यावर कळतं. मुलगी अंधाराला घाबरते म्हणून धाकटीनं तिच्या उशाशी एक बारका दिवा लावला, तर त्याच्यावरही टेप. डोळ्यांना विश्रांती पाहिजे म्हणे. मी गेले की दिव्यावरची टेप काढते, तो परत लावतो. आमच्या दोघांत असा व्यवहार वर्षानुवर्षं चालू आहे.

आता त्याची खरी खोड सांगते. नकाशा काढायला यंत्र नुसते आकडे देतं. कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा हे माणूस ठरवतो. चरबी जांभळी, प्रथिनं पिवळी, केंद्रक निळं, हे सगळं त्याच्या मनानं. पेशींमध्ये ना जांभळं असतं ना पिवळं. पण चित्र असं काढतो की बघणारा जागीच उभा राहतो. सरांना, म्हणजे आमच्या संचालकांना, ही चित्रं इतकी आवडली की कॅलेंडरवर छापली. पाहुणे आले की सर त्यांना आधी काळोख्याच्या दारात नेतात. आणि हा मान तिरकी करून उभा राहतो, जणू पेशी यानंच जन्माला घातल्या. मी शेजारच्या खोलीत, हातात पिपेट घेऊन. माझ्या दारात कुणी येत नाही, आणि आलं तर मीच हाकलते, कारण लोक शिंकतात.

डिस्क भरते म्हणून तो मूळ आकडे पुसून टाकतो आणि चित्रं तेवढी ठेवतो. हे त्यानं एकदा जेवताना मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी म्हटलं, "काळोखेराव, आकडेच खरे ना?" तर म्हणतो, "ताई, आकडे कोण बघतं?"

त्याच जेवणात त्यानं आणखी एक रडगाणं लावलं होतं. सूक्ष्मदर्शकाच्या खाली एक गरम पेटी असते. पेशी बाहेर काढल्या की गारठतात, म्हणून बशी त्या पेटीत ठेवून बघायचं. पेटी चालू असली की तिच्यावर एक हिरवा दिवा लागतो, मोहरीएवढा. तो दिवा म्हणजे त्याच्या आयुष्याचं दुःख. "बाकी सगळं झाकलं ताई, पण तिथं टेपच टिकत नाही. दिव्यामागेच पेटीची तापणारी तार आहे, ती तापली की टेप सुटते. चित्रात मागे एक धूसरपणा येतो, माझ्या जिवाला लागतं." धाकटी म्हणाली, "आणखी भात घ्या." मी ते बोलणं तेव्हाच कानामागे टाकलं.

मग गवंडी आला.

उंच, हाडकुळा, मितभाषी माणूस. भिंतीला गिलावा करताना चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला होता. एक डोळा चांगला, दुसरा पार दुधाळ. एका डोळ्यानं भागतं असं आपल्याला वाटतं. त्याच्या बायकोनं मला बाकावर बसून सांगितलं तेव्हा कळलं. एका डोळ्यानं वस्तू किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. परांचीवर पाय टाकताना फळी आहे तिथं पडत नाही. मुकादमानं त्याला वर चढू देणं बंद केलं, आणि हा घरं बांधणारा माणूस खाली माल कालवत बसला. बायको म्हणाली, "घरी बोलत नाहीत. पाण्याचा पेला धरायला जातात आणि हात शेजारी पडतो, मग पाणीच मागत नाहीत."

चांगल्या डोळ्यातून तुकडा घ्यायचा तर त्या डोळ्यालाही थोडा धोका असतोच. तरी त्यानं सही केली. मी तुकडा लावला, आणि काय सांगू, इतका सुरेख थर माझ्या हातून क्वचितच आला असेल. कडेपासून कडेपर्यंत सलग, कुठे भोक नाही. मी त्याच्याशी बोलायचे. बोलते मी पेशींशी. त्या निदान ऐकून तरी घेतात.

थर बसवायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बशी काळोख्याकडे दिली. नियम साधा आहे. थराचा एक कोपरा बघायचा, मंद लेसर, पटकन आटपायचं, बशी परत. पण त्याच सुमारास सरांनी दर्शनी दालनात लावायला एक भिंतभर चित्र मागितलं होतं. देणगीदार येणार होते. माझ्या नशिबाला नेमका तोच दिवस आला.

चहाची वेळ झाली, जेवणाची झाली, बशी येईना. मी दार वाजवलं. आतून आवाज, "ताई, दार उघडू नका, उजेड येईल." मी पुन्हा वाजवलं. "होतंच आलंय." दुपार कलल्यावर त्यानं बशी आणून दिली. चेहऱ्यावर असं तेज की विचारू नका. मी बशी हातात घेतली. बशी गार होती. एसीखाली ठेवलेल्या वाटीसारखी गार.

"पेटी चालू होती ना?"

"ताई, तुम्ही पेशी बघा, मी यंत्र बघतो."

मी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली थर पाहिला. कडा आक्रसल्या होत्या. सकाळी पसरून बसलेल्या पेशी आता अंग चोरून बसल्या होत्या. मी तशीच सरांकडे गेले. डोळ्याच्या डॉक्टरबाई तिथंच होत्या. म्हटलं, थर बिघडलाय, उद्या बसवू नका, मला थांबून बघू दे. सरांनी मला बोलू दिलं आणि मग संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. काळोख्यानं चित्र तोवर पाठवलं होतं. जांभळं, पिवळं, निळं, एकेक पेशी कोरल्यासारखी. डॉक्टरबाईसुद्धा खुर्ची पुढे ओढून बघायला लागल्या. सर म्हणाले, "बाई, हे बघून कोण म्हणेल बिघडलाय म्हणून?" मी बशी गार होती म्हणाले. सर म्हणाले, हाताला लागणारा गारवा हा काही पुरावा नव्हे.

थर बसवला. काही आठवड्यांत तो भिंतीवरच्या जुन्या रंगासारखा सुटून आला. डोळा पुन्हा दुधाळ.

आता सगळा प्रश्न एवढाच उरला होता की दोष कुणाचा. हा काही मानापमानाचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे नियम आहे. थरात खोट असेल, तर दुसरा तुकडा घेऊन पुन्हा वाढवून द्यायचा. पण रुग्णाचा डोळाच थर धरत नसेल, तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही, कारण चांगल्या डोळ्याला उगाच धोका कशाला. दोष थराचा ठरला तर गवंड्याला आणखी एक संधी. दोष त्याच्या डोळ्याचा ठरला तर जन्मभर माल कालवायचा. हे बैठकीत ठरणार होतं, आणि गवंडी व त्याची बायको बाहेर बाकावर बसून होते. बायकोनं मला आत जाताना विचारलं, "ह्यांनी विडी सोडायला उशीर केला, त्यानं झालं असेल का हो?" गवंडी खाली बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी त्या माणसाला काय सांगणार होते? माझ्याजवळ गार बशीची आठवण होती, बाकी काही नाही.

बैठकीत सरांनी आधीच निकाल लावून ठेवला होता. "पेशी उत्तम होत्या. चित्र समोर आहे. रुग्णाच्या डोळ्याची जमीनच वाईट." चित्र खरंच समोर होतं. दर्शनी दालनात लावायच्या आधी भिंतीला टेकवून ठेवलेलं, माणसाच्या उंचीचं, आणि खाली सोनेरी अक्षरांत काळोख्याचं पूर्ण नाव. काळोखे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, मुद्दाम.

डॉक्टरबाई मोजकंच बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मी पुन्हा गार बशीचा विषय काढला असता, तर पुन्हा तेच उत्तर मिळालं असतं. काळोख्याला सरळ विचारलं असतं, तर तो सरळ नाही म्हणाला असता. सरांच्या देखत कोण कबूल करेल? पण मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. ह्या माणसाला मी इतकी वर्षं जेवायला वाढलंय. त्याला खोटारडा म्हणा, आळशी म्हणा, घुम्या म्हणा, तो हसून सोडून देईल. त्याच्या चित्राला नाव ठेवलेलं मात्र त्याला खपत नाही.

मी म्हटलं, "पेशींचं जाऊ दे. मला हे चित्रच काही खास वाटत नाही."

काळोख्यानं मान वळवली.

"म्हणजे वाईट नाही," मी म्हटलं, "पण घाईत उरकल्यासारखं. कडा पुसट वाटतात. नियमाप्रमाणे जरासाच वेळ दिलेला, मंद लेसर, त्यात त्या पेटीचा हिरवा दिवा डोक्याशी. एवढ्यात एवढंच येणार. काळोखेरावांचा दोष नाही. पण अशा चित्रावरून थर चांगला होता असं ठरवायचं म्हणजे जरा जास्तच होतंय. इतर ठिकाणी याहून स्वच्छ चित्रं निघतात म्हणे."

"पुसट?" तो म्हणाला.

"जराशी."

"ताई, कुठं पुसट आहे ते बोट ठेवून दाखवा." तो उठून चित्राजवळ गेला. "घाईत? एकेका ठिपक्याला मी नेहमीच्या कितीतरी पट वेळ दिलाय. सकाळपासून खुर्चीवरून हललो नाही, जेवलो नाही. मंद लेसर म्हणे. मंद लेसरवर ही निळाई येते का? पूर्ण जोरावर होता. कोपरा नाही, मधोमध घेतलंय. आणि हिरवा दिवा कुठं दिसतोय तुम्हाला? दाखवा. दिसणारच नाही. पेटीचा प्लगच काढून ठेवला होता मी, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत."



डॉक्टरबाईंनी विचारलं, "म्हणजे पेशी सकाळपासून दुपारपर्यंत गारठ्यात होत्या?"

तो चित्राकडे बोट करून उभाच होता. ते बोट खाली यायला वेळ लागला. त्यानं सरांकडे पाहिलं, सरांनी आपल्या चष्म्याकडे पाहिलं. "पण चित्र…" एवढंच तो म्हणाला आणि बसला. त्याला कळलं. उशिरा का होईना, कळलं, एवढं मी म्हणेन. त्यापुढे आणखी काही चांगलं म्हणायला मला कुणी सांगू नका.

डॉक्टरबाई उठल्या, दार उघडलं आणि बाकाकडे बघून म्हणाल्या, "पुन्हा करायचंय. चूक आमची होती, तुमच्या डोळ्याची नाही." गवंड्याची बायको रडायला लागली. गवंडी म्हणाला, "विडीमुळे नव्हतं ना मग?" आणि मीच जाऊन त्याला म्हटलं, नव्हतं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "भर बैठकीत माझ्या नवऱ्याची अब्रू काढलीस. घरचा माणूस ना तो?" मी म्हटलं, अब्रू मी काढली नाही, त्यानंच उठून चित्राला टेकवून ठेवली. तिनं फोन आपटला. बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं, कारण त्या घरात भात वाढायला मला आवडतं. काळोख्याला मात्र काही झालं नाही. सरांनी 'तांत्रिक अडचण' असं म्हणून विषय मिटवला, आणि चित्र ठरल्याप्रमाणे दर्शनी दालनात लागलं. देणगीदार आले, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून गेले.

दुसरा थर तयार झाला तेव्हा डॉक्टरबाईंची अट होती की मी आत उभी राहायचं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. घड्याळ काढलं, फोन बाहेर ठेवला. बशी पेटीत ठेवली, पेटी चालू केली आणि तो हिरवा दिवा लागला. मोहरीएवढा. काळोखे त्याच्याकडे असा बघत होता की जणू घरात साप निघालाय. टेप लावली, सुटली. परत लावली, परत सुटली.

"ताई, हे असं येणारच नाही नीट."

"मग बोट ठेवा," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. करतच होते. पण त्यानं खरंच अंगठा दिव्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं यंत्र सुरू केलं. अंधार झाला. आत बशीला नुसती ऊब असते, पण दिव्यामागे ती तापणारी तार आहे, तिथं हाताला चटका बसतो. तो अंगठा न काढता उभा राहिला, मंद लेसर, एक कोपरा, नियमाएवढा वेळ. मध्ये एकदा श्वास ओढल्याचा आवाज आला. मी बशी परत घेतली तेव्हा ती ऊबदार होती. त्याचा अंगठा लाल झाला होता. मी त्याला मलम दिलं, आणि म्हटलं, इतक्या वर्षांत हा अंगठा पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला. तो हसला नाही.

थर धरला.

काही महिन्यांनी गवंडी शेवटच्या तपासणीला आला. तो बोलायला लागला होता, बायको म्हणते आता तोंड बंद होत नाही. परांचीवर चढू देतात. दर्शनी दालनात तो त्या चित्रापाशी थांबला. काळोखे तिथंच घुटमळत होता. असतोच तो, पाहुण्यांच्या वेळी. लगेच पुढे होऊन सांगायला लागला, हे जांभळं म्हणजे चरबी, हे पिवळं म्हणजे प्रथिनं, आणि रंग म्हणून एक थेंब लावलेला नाही बरं का.

गवंड्यानं एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. ही त्याला आता सवयच लागली आहे. "ह्या पेशी माझ्या का?"

"तुमच्याच." मग काळोखे जरा घुटमळला. "पहिल्या."

"म्हणजे ज्या बसल्या नाहीत त्या?"

"हो."

"आणि आत्ता ज्या डोळ्यात आहेत त्या?"

काळोख्यानं फोन काढून दुसरं चित्र दाखवलं. करड्या रंगाचे दाणे दाणे, वाळू सांडल्यासारखे. "वेळच दिला नाही मला," तो म्हणाला. "नाहीतर हेसुद्धा असंच आलं असतं."

गवंडी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं फोन परत दिला आणि भिंतीवरच्या चित्राकडे हात केला. आवाजात राग नव्हता, खरंच न कळून विचारत होता. "मग मेलेल्यांचा फोटो एवढा मोठा करून कशाला लावलाय?"

काळोख्यानं फोन खिशात ठेवला. गवंडी बायकोला घेऊन गेला.

चित्र अजून तिथंच आहे. सर ते काढू देत नाहीत, पाहुण्यांना आवडतं. पुढच्या आठवड्यात मी सकाळी आत शिरले तर मावशी झाडू हातात धरून त्याच्यासमोर उभ्या होत्या. खालच्या सोनेरी नावावर काळ्या टेपची एक पट्टी चिकटवलेली होती, कडेपासून कडेपर्यंत, कुठे सुरकुती नाही. मावशी म्हणाल्या, काढू का हो ही? मी म्हटलं, राहू द्या.